ब्रॉयलरच्या गोणीत हळद-लसूण मिसळण्याआधी

मिरज तालुक्यात माझी तीन हजार पक्ष्यांची शेड आहे. सांगलीचं मार्केट यार्ड अर्ध्या तासावर, त्यामुळे हळद शोधत फिरावं लागत नाही. पहिल्यांदा ती ब्रॉयलरच्या खाद्यात घातली तीही घरात अर्धं पोतं पडून होतं म्हणून. पेलेटच्या, म्हणजे दाबून केलेल्या दाणेदार खाद्याच्या, गोणीत अर्धा किलो हळद ओतली, फावड्यानं दोनदा वरखाली केली आणि फीडर भरले. तीन दिवसांनी फीडर धुवायला काढले, तर प्रत्येकाच्या तळाशी बोटभर पिवळा थर. पक्ष्यांनी वरचे पेलेट वेचून खाल्ले होते, हळद होती तशीच खाली. तरीही त्या महिन्यात मी चार जणांना सांगितलं होतं की हळदीनं पक्षी टवटवीत झालाय.

हा लेख त्या चुकीपासून सुरू करतोय, कारण नव्या माणसाचा प्रश्न नेहमी एकच असतो, "काय घालू?" तो प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे. आधी घालायचं की नाही, मग घातलेलं पक्ष्याच्या पोटात जातं की नाही, आणि शेवटी त्याचा पैसा वसूल होतो की नाही, हे बघायचं.

हे सगळं आलं कुठून

पूर्वी खाद्यातच अगदी कमी मात्रेत अँटिबायोटिक मिसळायची पद्धत होती. आजार असो नसो, वाढीसाठी. त्यातून औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात हे लक्षात आल्यावर स्वीडननं १९८६ साली ही पद्धत बंद केली, आणि १ जानेवारी २००६ पासून सगळ्या युरोपीय संघात ती बंद झाली. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध माणसाच्या खाण्यात येणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत वापरायला केंद्र सरकारनं बंदी घातली. माणसाच्या दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून जपून ठेवलेलं औषध आपण कोंबडीच्या खाद्यात घालत होतो.

ती जागा भरायला जे पर्याय पुढे आले त्यात वनस्पतींचे पदार्थ आहेत. ओव्यात आणि थाइम नावाच्या परदेशी पाल्यात थायमॉल असतं, ओरेगॅनोत कार्व्हाक्रॉल, लसणात अ‍ॅलिसिन, हळदीत कर्क्युमिन. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल जंतूंच्या पेशीचं आवरण फोडतात. तिखट-कडू पदार्थांनी पित्त आणि पाचक रस सुटायला मदत होते. आतडं निरोगी राहिलं की तेच खाद्य जास्त अंगी लागतं. पण हे औषध नाही. मानमोडी किंवा गंबोरोसारखा विषाणूचा आजार आला, रक्ती हगवण लागली, तर हळदीचं पोतं रिकामं केलं तरी पक्षी वाचत नाही.

पहिली पायरी: परवानगी आणि शेड

तुम्ही कंपनीच्या करारावर पक्षी घेत असाल, म्हणजे पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं आणि तुम्हाला किलोमागे ग्रोइंग चार्ज, तर सुपरवायझरला विचारल्याशिवाय खाद्यात चिमूटही घालू नका. खाद्य तुमचं नाही, पक्षीही तुमचा नाही. शिवाय कंपनीच्या खाद्यात असे पदार्थ आधीच असू शकतात. मग तुम्ही मात्रा दुप्पट करून बसता. लॉट बिघडला तर "तुम्ही वरून काय घातलं?" हा प्रश्न पहिला येतो. माझ्या ओळखीतल्या एकाची अशीच अडचण झाली. पक्षी मेले ते उन्हानं, पण गोणीजवळ लसणाची पिशवी सापडली आणि सगळं त्याच्या नावावर गेलं.

स्वतःचं खाद्य, स्वतःचा लॉट असेल तर पुढं वाचा. पण आधी शेडमध्ये जाऊन खाली वाका. पक्ष्याच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साचलाय. खाली अंथरलेलं तूस ओलं आहे, पाण्याचा निपल गळका आहे किंवा पडदे रात्रभर घट्ट बंद आहेत. अमोनिया कमी करणारा युका नावाच्या मेक्सिकन वाळवंटी झाडाचा अर्क बाजारात मिळतो, तो काम करतोही. पण ओलं तूस काढून टाकणं आणि रोज सकाळी तुसाची गादी हलवणं याला त्यापेक्षा कमी पैसे लागतात.

तसंच ब्रूडिंगचं, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याचं. पहिल्या दिवशी पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश पाहिजेत, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. पिल्लं आल्यावर दुसऱ्या दिवशी शंभर पिल्लांची पोटली, म्हणजे गळ्याखालची थैली, बोटानं चाचपून बघा. पंचाण्णवच्या वर भरलेली आणि मऊ लागली पाहिजेत. नव्वदच्या खाली असतील तर तुमचा प्रश्न उष्णता, पाणी किंवा उजेडाचा आहे. हे सगळं जमलेल्या शेडमध्ये वनस्पतींचा फायदा दिसतो, आणि तोही एक-दोन टक्क्यांचा. बिघडलेल्या शेडमध्ये तो दिसत नाही.

दुसरी पायरी: एकच पदार्थ निवडा

नवखा माणूस पहिल्याच लॉटला हळद, लसूण, आलं, ओवा, कडुनिंब, तुळस, शेवगा असं पंचामृत करतो. फायदा झाला तर कशानं झाला कळत नाही, तोटा झाला तर काय काढायचं तेही कळत नाही. पहिल्या लॉटला एक पदार्थ, फार तर दोन.

माझी पसंती हळद आणि लसूण यांना, कारण दोन्ही इथे सहज मिळतात आणि मात्रेत थोडी चूक झाली तरी पक्षी सोसतो.

हळदीची मात्रा खाद्याच्या पाव ते अर्धा टक्का. ५० किलोच्या गोणीला १२५ ते २५० ग्रॅम. मी २०० वर थांबतो. त्यात १० ते २० ग्रॅम मिरीपूड घालतो, कारण मिरीतल्या पायपेरीनमुळे कर्क्युमिन अंगात जास्त शोषलं जातं हे उंदरांत आणि माणसांत दिसलंय. कोंबडीला मिरी तिखट लागेल का ही भीती सोडा. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणासुद्धा जाणवत नाही. घरचा पोपट हिरवी मिरची कशी मिटक्या मारत खातो ते सगळ्यांनी बघितलंय.

लसूण पूड असेल तर तीच मात्रा, १२५ ते २५० ग्रॅम. ओला लसूण वापरायचा तर तिप्पट वजन धरा, कारण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. लसणाची एक गंमत आहे. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन नसतंच. पाकळी ठेचली की दोन घटक एकमेकांत मिसळतात आणि मग ते तयार होतं, त्याचाच तो उग्र वास. म्हणून लसूण आधी ठेचायचा, दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग मिसळायचा. तव्यावर भाजून किंवा कडक उन्हात करपवून केलेल्या पुडीत ते काम करणारं रसायनच मेलेलं असतं. आणि मात्रा फार वाढवली तर मांसाला वास येतो. माझ्याकडून घरगुती गिऱ्हाईक पक्षी नेतं, म्हणून शेवटचे पाच दिवस मी लसूण बंद ठेवतो.

शेवग्याचा पाला वेगळ्या जातीचा. तो मसाला नाही, खाद्यच आहे. प्रथिनं आहेत, जीवनसत्त्वं आहेत, पण तंतूही आहेत. एक-दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे गोणीला अर्धा ते एक किलो, ठीक. पाच टक्क्यांच्या वर गेलात तर ब्रॉयलरची वाढ मागे पडायला लागते. गावठी कोंबडीला चालतं म्हणून ब्रॉयलरला चालेल असं नाही. त्याला चाळीस दिवसांत सव्वादोन किलो व्हायचंय, त्याच्या पोटात पाल्याला जागा कमी.

कडुनिंबाच्या बाबतीत हात आखडता ठेवा. कडूपणामुळे पक्षी खाणं कमी करतो, आणि ब्रॉयलरनं एक दिवस कमी खाल्लं तर ते वजन परत भरून निघत नाही. आवळा उन्हाळ्यात उपयोगी, गोणीला १०० ते २०० ग्रॅम पूड. मार्च ते मे या काळात पक्षी धापा टाकतो तेव्हा आंबट आणि क जीवनसत्त्वाचा त्याला आधार होतो. ओवा ५० ग्रॅमच्या पुढे नको.

हळदीबद्दल एक गैरसमज इथेच काढतो. हळद घातली की कोंबडीची चामडी पिवळी होते असं बरेच जण सांगतात. कर्क्युमिन अंगात टिकतच नाही, ते चामडीत फारसं उतरत नाही. पिवळेपणा येतो मक्यातल्या आणि झेंडूतल्या झँथोफिलमुळे. गिऱ्हाइकाला पिवळी चामडी हवी असेल तर पिवळा मका वाढवा, किंवा झेंडूच्या पाकळ्यांची पूड विकत घ्या. पण दसऱ्यानंतर बाजारात फेकून दिलेली फुलं गोळा करून वाळवू नका. त्या फुलांवर किती फवारे बसलेत याचा हिशोब कोणाकडेच नसतो.

तिसरी पायरी: विकत घेताना

हळदीत पोल्ट्रीवाल्याच्या गळ्यात सगळ्यात जास्त मारला जाणारा माल म्हणजे पॉलिशचा भुगा. हळद शिजवून वाळवली की ती ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात. तेव्हा जी पिवळसर धूळ पडते ती म्हणजे हळकुंडाची साल आणि माती. किलोला अगदी स्वस्त मिळते, वास येतो, रंगही येतो. कर्क्युमिन मात्र हळकुंडाच्या गाभ्यात. चांगल्या हळदीत ते वाणानुसार साधारण २ ते ५ टक्के असतं, भुग्यात त्याचा पत्ता नाही. म्हणून मी गड्डे, म्हणजे हळदीचे गोल जाड कंद, घेतो. हळकुंडापेक्षा स्वस्त असतात, दिसायला बोजड असतात, पण डोळ्यांसमोर दळून घेता येतात. गड्डा फोडला की आत गर्द केशरी दिसला पाहिजे. तयार पूड घेतली तर रंग मिसळलाय का, शिसं आहे का हे तुम्हाला घरी ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट बुरशी. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ओलसर राहिलेला कुठलाही वनस्पतीचा माल, हळद असो की शेवग्याचा पाला, बुरशी धरतो आणि त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृतावर जातं, लसीचा परिणाम कमी करतं, वाढ थांबवतं. भारतीय मानकात कोंबडीच्या खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एक टन खाद्यात २० मिलिग्रॅम. मिठाचे थोडे खडे होतील एवढंच. यकृत सुधारायला घातलेली वनौषधी स्वतःच बुरशीची असेल तर तुम्ही पैसे देऊन विष आणलं. आमच्याकडे हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी रीत होती, आणि जाणकार पेवातली हळद वर्षानुवर्षं चांगली ठेवत. पण पेवात पाणी शिरून भिजलेला माल "कोंबड्यांना चालेल" म्हणून स्वस्तात निघायचा. तसला माल नाही चालत.

गड्डा दगडावर आपटून बघा. खणखणीत आवाज यायला हवा, बद्द आवाज आला तर आत ओल आहे. शेवग्याचा पाला सावलीत वाळवा, मुठीत चुरडला की कडकडून भुगा झाला पाहिजे. नुसता मऊ दुमडला तर अजून दोन दिवस.

तयार बाटल्या आणि पाकिटांचं काय? चांगल्या कंपन्यांचा माल आहे, आणि ओरेगॅनोसारख्या तेलाच्या बाबतीत तोच घ्यावा लागतो, घरी जमत नाही. लेबलवर घटक, प्रमाण, बॅच नंबर, बनवल्याची तारीख बघा. "गुप्त आयुर्वेदिक मिश्रण" असं लिहिलेलं असेल तर पाकीट परत ठेवा. एकदा एका फिरत्या विक्रेत्याकडून मी "शंभर टक्के हर्बल" पावडर घेतली होती. दोन दिवसांत हगवण थांबली. खूश होऊन डॉक्टरांना दाखवली तर ते म्हणाले, "अहो, वनस्पती एवढ्या झटपट काम करत नाही. यात काय मिसळलंय ते तपासल्याशिवाय परत वापरू नका." तपासलं नाही, वापरलीही नाही. विनाकारण भरभरून परिणाम देणाऱ्या हर्बलवर तेव्हापासून माझा विश्वास नाही.

लेबलवरची मात्रा बहुतेक वेळा टनाला दिलेली असते. एक टन म्हणजे ५० किलोच्या वीस गोण्या. टनाला २०० ग्रॅम लिहिलं असेल तर गोणीला फक्त १० ग्रॅम. इथे किराणा दुकानातला काटा चालत नाही, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्या. चारशे-पाचशे रुपयांत मिळतो.

चौथी पायरी: मिसळणं

पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

दहा ग्रॅम पूड थेट ५० किलोत टाकली तर एका पक्ष्याला सगळी आणि शंभरांना काहीच नाही. टप्प्याटप्प्यानं वाढवत जायचं. पूड आधी अर्धा किलो मक्याच्या भरड्यात घमेल्यात हातानं मिसळा. मग त्यात दोन किलो खाद्य घालून परत मिसळा. मग दहा किलो. शेवटी ताडपत्रीवर उरलेली गोणी ओतून ढीग करा, ढीग फावड्यानं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवा, असं पाच वेळा. ढिगाच्या तीन ठिकाणची मूठ घेऊन पांढऱ्या कागदावर पसरा. हळद असेल तर रंग तिन्हीकडे सारखा दिसतो. एका मुठीत पिवळे पट्टे दिसले तर अजून दोन वेळा हलवा.

हे झालं मॅशचं, म्हणजे चुऱ्याचं. क्रम्बल किंवा पेलेट असेल तर पूड त्याला चिकटत नाही, वाहतुकीत आणि फीडरमध्ये खाली बसते. माझा पिवळा थर तोच. यावर उपाय म्हणजे तेल. गोणीला पाव लिटर सोयाबीन तेल पाठीवरच्या जुन्या नाही, नव्या कोऱ्या फवाऱ्यानं पेलेटवर मारा, हलवा, आणि मग पूड भुरभुरा. पूड दाण्याला बसते. मात्र तेल लावलेलं खाद्य तीन दिवसांत संपवा, उन्हाळ्यात दोन. नंतर ते खवट होतं आणि खवट तेलानं हळदीचा सगळा फायदा उलटतो.

ओला लसूण ठेचून खाद्यात मिसळला तर ते खाद्य त्याच दिवशी संपलं पाहिजे. संध्याकाळी फीडरमध्ये उरलेलं काढून टाका. हे रोज जमणार नसेल तर पूडच वापरा.

पाण्यातून द्यायच्या पातळ टॉनिकचा मोह फार होतो, कारण मिसळायची कटकट नाही. पण त्यातल्या बऱ्याच टॉनिकमध्ये गूळ-साखर असते. ती निपलच्या पाइपमध्ये बुळबुळीत थर धरते आणि त्यात जंतू वाढतात. द्यायचंच तर सकाळी चार तासांत संपेल एवढ्याच पाण्यात द्या, आणि नंतर पाइपलाइन जोरात पाणी सोडून धुवा. घरी केलेला काढा गाळून, परत फडक्यातून गाळून. नाहीतर दुसऱ्या दिवशी निम्मे निपल बंद आणि पक्षी तहानलेले.

पाचवी पायरी: कधी द्यायचं, कधी थांबायचं

पहिले तीन दिवस काही घालू नका. पिल्लाला खाणं-पिणं शिकू द्या. चौथ्या दिवसापासून निम्म्या मात्रेनं सुरू करा, आठव्या दिवसापासून पूर्ण. प्री-स्टार्टर आणि स्टार्टर, म्हणजे पहिले तीन आठवडे, हा देण्याचा खरा काळ. आतडं तेव्हाच घडत असतं, आणि खाद्यही तेव्हा कमी लागतं, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. फिनिशरमध्ये, म्हणजे त्यानंतरच्या आठवड्यांत, चालू ठेवायचं की नाही ते खिशाकडे बघून ठरवा.

लसीच्या दिवसांची खूण कॅलेंडरवर करा. साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून, बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो, आणि एकविसाव्याच्या आसपास लासोटाचा दुसरा डोस पाण्यातून, असा क्रम असतो. तुमच्या भागाचा क्रम पशुवैद्यकाला विचारून पक्का करा. पाण्यातून लस द्यायची असेल तर आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात दुसरं काहीही नको. ब्लीचिंग नको, आम्ल नको, काढा नको. लस म्हणजे जिवंत विषाणू, तो पाण्यातच मेला तर पक्ष्याला काही मिळालं नाही.

आणि खाद्यातलं रक्ती हगवणीचं औषध, सॅलिनोमायसिन किंवा जे असेल ते, "आता हर्बल चालू केलंय" म्हणून बंद करू नका. मी बघितलेल्या बिघडलेल्या लॉटांत हे कारण दोनदा निघालं. चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी तुसावर रक्ताचे डाग दिसतात, तोवर उशीर झालेला असतो.

पक्षी आजारी पडला तर वनस्पतीचा प्रयोग तिथेच थांबवा आणि मेलेला पक्षी घेऊन पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जा. शवविच्छेदन करून घ्या. आमच्या बाजूच्या लोकांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. परभणी, उदगीर, नागपूर इथेही महाविद्यालयं आहेत. अँटिबायोटिक द्यायची वेळ आली तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनं द्या आणि विक्रीआधी किती दिवस बंद ठेवायचं ते त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.

सहावी पायरी: अर्धा-अर्धा

शेडच्या मधोमध जाळी लावा. एकाच गाडीतून आलेली पिल्लं मोजून दोन्हीकडे सारखी सोडा, समजा पाचशे-पाचशे. एका बाजूला नुसतं खाद्य, दुसऱ्या बाजूला तुमचा पदार्थ मिसळलेलं. गोण्यांना वेगळ्या रंगाची सुतळी बांधा, नाहीतर चौथ्या दिवशी मजूर अदलाबदल करतो आणि तुम्हाला कळतही नाही. साध्या खाद्याच्या गोण्यासुद्धा ताडपत्रीवर ओतून तशाच हलवा, तेल लावत असाल तर तिथेही लावा. म्हणजे फरक फक्त पदार्थाचा राहील.

दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी खाद्य टाकायच्या आधी, दोन्ही बाजूंचे पन्नास-पन्नास पक्षी तोला. कोपऱ्यात चिक गार्डनं, म्हणजे पिल्लांभोवती लावायच्या पट्टीनं, घेरा करा आणि त्यात आलेले सगळे तोला; हातात येईल तो मोठा पक्षी उचलायची सवय असते, ती अशानं मोडते. मेलेला पक्षीही तोलून वहीत लिहा, कारण त्यानं खाद्य खाल्लेलं असतं.

हिशोबाचं एक उदाहरण घेऊ. समजा १,००० पक्षी, प्रत्येकी २.२ किलो, प्रत्येकानं ३.६ किलो खाद्य खाल्लं. म्हणजे ३,६०० किलो, ७२ गोण्या. गोणीला २०० ग्रॅम हळद म्हणजे १४.४ किलो. हळद १८० रुपये किलो धरली तर २,५९२ रुपये, पक्ष्यामागे दोन रुपये साठ पैशांच्या आसपास. खाद्य ४० रुपये किलो धरा. एवढे पैसे वसूल व्हायला प्रत्येक पक्ष्यानं ६५ ग्रॅम खाद्य कमी खाऊन तेच वजन दिलं पाहिजे. म्हणजे एफसीआर, म्हणजे एक किलो वजनाला लागलेलं खाद्य, ०.०३ नं सुधारला पाहिजे, १.६४ चा १.६१. अशक्य नाही, पण दर लॉटला मिळेलच असंही नाही.

आता तीच हळद फक्त पहिले तीन आठवडे द्या. तोवर पक्षी साधारण १.२ किलो खातो. २४ गोण्या, ४.८ किलो हळद, ८६४ रुपये, पक्ष्यामागे ८६ पैसे. आता एफसीआर ०.०१ नं सुधारला तरी खर्च निघतो. म्हणून मी फिनिशरमध्ये हळद घालत नाही. दर बदलतील, तुमच्या दिवसाचे दर घालून हाच हिशोब करा.

विक्रीच्या दिवशी दोन्ही बाजूंची गाडी वेगवेगळी तोला. मग लॉटचा एकूण निकाल एका आकड्यात काढा: जगलेल्यांची टक्केवारी गुणिले सरासरी वजन, त्याला दिवस आणि एफसीआर यांच्या गुणाकारानं भागा, आणि उत्तराला शंभरानं गुणा. ९५ टक्के जगले, २.२ किलो, ४२ दिवस, एफसीआर १.७ असेल तर उत्तर २९३ येतं. दोन्ही बाजूंचा हा आकडा शेजारी शेजारी लिहा.

आणि लगेच नाचू नका. काहीच न घालता केलेल्या दोन भागांतही फरक येतो. माझ्या शेडची पश्चिमेची बाजू दुपारी तापते, तिथले पक्षी नेहमीच चाळीसेक ग्रॅम मागे असतात. त्यामुळे पुढच्या लॉटला बाजू बदला, हळद पश्चिमेला आणि साधं खाद्य पूर्वेला. तिसऱ्या लॉटला परत पहिल्यासारखं. माझ्या वहीत लसूण तीनपैकी दोनदा पुढे होता, हळद मिरीसकट तीनपैकी तीनदा पण थोड्याच फरकानं, आणि शेवगा एकदाही नाही. शेवग्याचा पाला आता मी परसातल्या गावठी कोंबड्यांना टाकतो.